पाण्याचें पंचांग

एका कार्तिकांतील पहांटेची गोष्ट सांगून आजच्या विषयाला आरंभ करतों. मोर्शीजवळ सिंभोरा येथें वर्धा नदीवर जें मोठें धरण आहे, त्याच्या पाण्यावर धुकें उतरलें होतें. या जलाशयाला नल-दमयंती सागर असें विदर्भाच्या पुराणकथेला शोभणारें नांव दिलेलें आहे. एका वृद्ध भोयाच्या डोंग्यांत मी बसलों होतों. सायंकाळीं सोडलेलीं जाळीं उचलण्यासाठीं तो निघाला होता. वल्ह्याच्या आवाजाखेरीज दुसरा आवाज नव्हता. एके ठिकाणीं पाणी अगदीं निवांत दिसलें, म्हणून मीं सहज विचारलें, "आबा, येथें कां नाहीं जाळें सोडीत?" वल्हें न थांबवतां त्यानें उत्तर दिलें, "इथं नाही टाकत जायं, गुरुजी. खाली इहीर हाये."

पाण्याखालीं विहीर! क्षणभर मला अर्थबोध झाला नाहीं. मग ध्यानांत आलें कीं, आमचा डोंगा जेथें तरंगत होता तेथें एके काळीं शेत होतें, शेतांत विहीर होती. हें धरण १९९३ च्या सुमारास पुरें झालें. त्याच्या पाण्यावर आज अमरावती शहर आपली तहान भागवतें, आणि त्याच पाण्यासाठीं कांहीं गांवांना आपलीं घरें, देवळें आणि शेतें सोडून उठावें लागलें. शेत बुडालें, परंतु विहिरीचा कठडा पाण्याखालीं जागेवरच राहिला. त्याला जाळें अडकलें म्हणजे फाटतें. हें सांगणारा नकाशा त्या डोंग्यांत नव्हता. तो त्या म्हाताऱ्याच्या डोक्यांत होता.

हंगामाच्या अखेरीस तळ्यांत होडी घालून मासे धरणें हा पाश्चात्य देशांत मोठ्या हौसेचा विषय आहे. त्यावर तिकडे कपाटें भरतील इतकीं पुस्तकें झालीं आहेत. आपल्या वऱ्हाडांतही होडी आहे, तळें आहे, मासा आहे, आणि हंगामही आहे. फक्त पुस्तक नाहीं. वऱ्हाडच्या पाण्याचें ज्ञान कोणाजवळ होतें, तें कोणीं टिपलें, आणि ज्यानें तें सांगितलें त्याचें नांव मागें राहिलें काय, या प्रश्नांचा आज थोडासा विचार करूं.

प्रथम परक्या मुलुखांतील चित्र पाहूं, म्हणजे आपलें अधिक स्पष्ट दिसेल. त्या चित्राचा नायक ब्राउन ट्राउट नांवाचा मासा. अंगावर तपकिरी छटा व ठिपके, पाणी थंड व स्वच्छ असेल तरच जगणारा. शरदाच्या अखेरीस व हिंवाळ्याच्या तोंडीं हा मासा ओढ्यांच्या वाहत्या पाण्यांत, गोट्यांच्या तळाशीं अंडीं घालतो. म्हणून ती वेळ जवळ आली कीं, मोठ्या सरोवरांतील ट्राउट खोल पाणी सोडून नद्यांच्या मुखाशीं आणि बंदरांच्या उथळ पाण्यांत गोळा होतात. शौकीन लोक तेव्हां होड्या काढतात, आणि होडी हळूंहळूं चालवीत मागें लांब दोरीला आमिष ओढीत नेतात. अनेक ठिकाणीं यानंतर कायद्यानें हंगाम बंद होतो. म्हणजे तिकडे हंगामाची अखेर ही माशाच्या विणीच्या आधींची घटका असते.

गंमत अशी कीं, अमेरिकेंतील ज्या मिशिगन सरोवराच्या बंदरांत हा खेळ आज रंगतो, तेथेंही ट्राउट हा पाहुणाच आहे. १८८३ सालीं त्याचीं अंडीं जर्मनींतून समुद्रपार नेण्यांत आलीं, आणि पुढल्या वर्षीं त्यांची पिलें मिशिगन प्रांतांतील एका नदींत सोडण्यांत आलीं. आपल्या देशांतही हा पाहुणा आणण्याची साहेबांना मोठी उत्कंठा होती. मत्स्यशास्त्रज्ञ फ्रान्सिस डे यानें निलगिरीवर ट्राउट आणण्याचा प्रयत्न १८६० नंतरच्या दशकांत केला, तो निष्फळ झाला. काश्मीरसाठीं १८९९ सालीं पाठविलेलीं अंडीं वाटेंतच नासलीं. १९०० सालीं पुन्हां प्रयत्न झाला आणि तो फळाला आला. श्रीनगरजवळच्या हारवान येथें हा मासा वाढूं लागला, व तेथून तो काश्मीरच्या नद्यांत पसरला. निलगिरीवर पुढें त्याचा भाऊबंद, इंद्रधनुषी ट्राउट, स्थिरावला. वऱ्हाडांत मात्र त्याचें पाऊल पडणें शक्यच नव्हतें. पाण्याची उष्णता २५ अंशांच्या आसपास गेली कीं ट्राउट मरणाच्या दारीं जातो. आणि आपल्या अकोल्याचा पारा वैशाखांत ४५ अंशांच्याही पुढें चढतो.

तेव्हां ट्राउट येथें आला नाहीं, हें ठीकच झालें. परंतु मासा आला नाहीं तरी त्याच्याबरोबरची एक समजूत आली. ती समजूत अशी कीं, मासे धरण्याचें शास्त्र म्हणजे साहेबांनीं शिकविलेली कला. आपल्याकडे काय तो पोटासाठीं चाललेला अडाणी धंदा. ही समजूत तपासून पाहिली पाहिजे.

कल्याणीच्या चालुक्य घराण्यांतील राजा तिसरा सोमेश्वर यानें इ. स. ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' नांवाचा संस्कृत ग्रंथ रचला. राज्य मिळविण्यापासून तें भोगण्यापर्यंत राजाच्या जीवनाचे शंभर विषय त्यांत आहेत. मराठी वाचकांना हा ग्रंथ एका वेगळ्या कारणानें परिचित आहे. त्यांतील गायनाच्या प्रकरणांत मराठीच्या बाल्यावस्थेंतील कांहीं ओळी आलेल्या आहेत; आणि त्या ओळी मत्स्यावताराच्या स्तुतीच्या आहेत. पण त्याच ग्रंथांत मत्स्यविनोद नांवाचें एक स्वतंत्र प्रकरण आहे, हें मात्र फारसें कोणाच्या ध्यानांत नसतें. कोणता मासा समुद्राचा व कोणता नदीचा, खवल्यांचा कोणता व बिनखवल्यांचा कोणता, कोण काय खातो, दोरी कशाची वळावी, काठी कशी असावी, गळाला कोणत्या माशासाठीं कोणतें आमिष लावावें, असा सगळा तपशील राजानें तेथें दिला आहे. इंग्लंडांत गळाच्या विद्येवरील पहिलें छापील पुस्तक १४९६ सालचें. आपल्या राजाचा ग्रंथ त्याच्या साडेतीन शतकांहून अधिक आधींचा आहे.

हा अभिमानाचा विषय आहे खरा. तथापि येथें थोडें थांबून विचार करावा. राजाला हें सर्व कोणीं सांगितलें? एकेका जातीच्या माशाची आवड ओळखायची तर अनेक वर्षें कांठावर बसावें लागतें, पाण्याचा रंग पाहावा लागतो, धरलेल्या माशाचें पोट चिरून त्यांत काय आहे तें बघावें लागतें. राज्यकारभार करणाऱ्या राजाला इतकी सवड कोठून? हें ज्ञान कोळ्या-भोयांचें होतें, असेंच मानावें लागतें. ग्रंथ राजाच्या नांवावर राहिला. सांगणाऱ्यांचीं नांवें राहिलीं नाहींत.

हाच प्रकार सातशें वर्षांनीं पुन्हां झाला. कर्नल साइक्स हा मुंबई सरकारच्या नोकरींतील अधिकारी दक्षिणेंत हिंडून शेतीची, लोकांची व प्राण्यांची माहिती गोळा करीत असे. १८३९ सालीं दक्षिणेंतील गोड्या पाण्याच्या माशांवर त्याचा निबंध प्रसिद्ध झाला. त्या निबंधांत अनेक मासे शास्त्राच्या दृष्टीनें नवे होते, म्हणून त्यांना लॅटिन धर्तीचीं नांवें देणें भाग होतें. साइक्सनें काय केलें? कांठावरच्या मराठी माणसाच्या तोंडीं जें नांव होतें तेंच कित्येकदां उचललें. खुद्री, कोळस, नुकटा, रोहटी हे शब्द थोडे मोडून तोडून त्यानें शास्त्राच्या वहींत लिहिले. आज जगांतील कोणत्याही विद्यापीठांत दक्षिणेच्या महसीर माशाचें नांव घेतलें कीं त्यांत 'खुद्री' हा आपला शब्द येतो. शब्द अमर झाला. तो ज्याच्या तोंडचा त्याची कोठें नोंद नाहीं.

आतां खास वऱ्हाडाकडे वळूं. या प्रांताची रचना मोठी चमत्कारिक आहे. मेळघाटांतील सिपना, गडगा, खापरा या नद्या तापीला मिळतात. खालच्या सपाटीवरची पूर्णा अकोल्याकडची काटेपूर्णा पोटांत घेऊन पश्चिमेला वाहते व शेवटीं तापीलाच मिळते. पूर्वेकडची वर्धा मात्र गोदावरीच्या परिवारांतली. अमरावती जिल्ह्यावर पडलेल्या पावसाचा एक थेंब अरबी समुद्राला जातो, तर दुसरा बंगालच्या उपसागराला. इतक्या नद्या असून या प्रांताला गोड्या पाण्याचें नैसर्गिक सरोवर नाहीं. एक आहे तें लोणारचें, उल्कापातानें झालेल्या विवरांतलें. त्याचें पाणी इतकें खारट व क्षारयुक्त कीं, त्यांत मासा जगत नाहीं. ऐने-अकबरीनेंही लोणारची नोंद केली ती माशांसाठीं नव्हे, तर कांच व साबण करण्याच्या द्रव्यांसाठीं.

म्हणजे वऱ्हाडांत होडी घालण्याजोगें जें तळें आहे तें माणसानेंच बांधलेलें. तत्पूर्वीं भोयांचें कार्यक्षेत्र होतें नदी आणि तिचे डोह. पावसाळ्यांत पूर, हिंवाळ्यांत धार, आणि उन्हाळ्यांत नदी आटून मागें राहिलेले डोह. मे महिन्यांत नदीचा सगळा जीव त्या डोहांत गोळा झालेला असतो. तो डोह एका दिवसांत रिकामा करतां येतो. गेळफळासारखीं विषारी फळें कुटून पाण्यांत घातलीं कीं मासे गुंगून वर येतात. परंतु त्या डोहांत जे मासे उरतील तेच आषाढांत अंडीं घालणार. कित्येक ठिकाणीं देवाचा म्हणून एखादा डोह राखून ठेवलेला असे. कोंकणांत महाडजवळ वाळणकोंड येथें देवीचे म्हणून राखलेले महसीर आजही पाहावयास मिळतात. लोकांनीं हें श्रद्धेनें केलें. फळ मात्र तेंच झालें जें शास्त्राला हवें असतें.

सरकारचें लक्ष इकडे उशीरां गेलें. निलगिरीवर ट्राउट आणूं पाहणाऱ्या त्याच फ्रान्सिस डे यानें १८७३ सालीं हिंदुस्थान व ब्रह्मदेशाच्या गोड्या पाण्यांतील माशांवर मोठा अहवाल सादर केला. लहान पिलांचा संहार, विष, बारीक विणीचीं जाळीं या सर्वांवर त्यानें बोट ठेवलें. त्यानंतर पाव शतकानें, १८९७ सालीं, मत्स्यविषयक कायदा झाला आणि सुरुंगाची दारू किंवा विष घालून मासे मारणें हा गुन्हा ठरला. कायदा आवश्यक होता, यांत संशय नाहीं. फक्त एवढेंच ध्यानांत ठेवावें कीं, डोह राखण्याची गोष्ट या भूमीला अगदींच नवी नव्हती.

याच शतकांत भोयांच्या जीवनांतही उलथापालथ झाली. पालखी-मेणा वाहणें, नदीपार उतारूंना नेणें, पाणी भरणें, मासे धरणें आणि तळ्यांत शिंगाडे लावणें हे त्यांचे धंदे. १८५३ सालीं निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारांत आलें. आणि १८६७ पर्यंत अकोला व बडनेऱ्यावरून नागपूरला आगगाडी धांवूं लागली. कापसाच्या गांठी मुंबईला निघाल्या, वऱ्हाडांत पैसा आला, आणि पालखीचा खांदा रिकामा झाला. पुढें रस्त्यांवर पूल झाले, तेव्हां नावही गेली. उरले मासे आणि शिंगाडे. आपल्या घरांत एकादशीला शिंगाड्याच्या पिठाचा शिरा होतो. तो शिंगाडा गळ्याइतक्या पाण्यांत शिरून तोडणारा हात आणि जाळें ओढणारा हात पुष्कळदां एकाच माणसाचा असतो, हें उपवास करणाऱ्या घरांत क्वचितच कोणाच्या मनांत येत असेल.

मग तळीं झालीं. अमरावतीचें वडाळी व छत्री तळें हीं इंग्रजी अमदानीतलीं. स्वातंत्र्यानंतर अकोल्याकडे महान येथें काटेपूर्णेवर, आणि सिंभोऱ्याला वर्धेवर अशीं मोठीं धरणें झालीं. डोहांतला भोई विस्तीर्ण जलाशयावर आला. हा बदल लहान नव्हता. नदींत वाहत्या पाण्याची खूण पाहून मासा शोधावयाचा. येथें पाणी स्थिर, खोल आणि मैल मैल पसरलेलें. शिवाय मासाही नवा. आज या धरणांतून निघणारे कटला, रोहू व मृगळ हे मासे मुख्यतः गंगेच्या खोऱ्यांतले. त्यांची रीत अशी कीं, पावसाळ्यांत पुराच्या वाहत्या पाण्याशिवाय ते अंडीं घालीत नाहींत. साचलेल्या तळ्यांत ते वाढतात, पण वितात क्वचितच. म्हणून त्यांचें बीज पूर्वीं नद्यांच्या पुरांतून गोळा करून दूरदूर न्यावें लागे. १० जुलै १९५७ रोजीं हिरालाल चौधरी यांनीं ओरिसांत माशांना पियूषिका ग्रंथींचा अर्क टोंचून बंदिस्त पाण्यांत त्यांची वीण घडवून आणली, तेव्हां ही अडचण दूर झाली. आज मत्स्यजिरे व बोटुकली विकत आणून धरणांत सोडतात. तेव्हां मिशिगनच्या सरोवरांतील ट्राउट काय आणि वर्धेच्या धरणांतील कटला काय, दोघेही माणसानें आणलेले पाहुणेच!

परंतु दोघांचें पंचांग एक नाहीं, आणि आजच्या भाषणाचें सार येथेंच आहे. ट्राउट कार्तिक-मार्गशीर्षाच्या सुमारास वितो. आपले मासे आषाढ-श्रावणांत. कार्तिकांत मिशिगनचा होडीवाला हंगामाचे शेवटचे दिवस मोजीत असतो, तेव्हां आमचा भोई जाळ्याला नव्या गांठी मारून हंगामाला आरंभ करतो. आमच्या हंगामाची अखेर येते ती फाल्गुन ते वैशाख. शेतीला पाणी सुटतें, उन्हानें पाणी आटतें, जलाशय आंत आंत सरकतो, आणि मासा बुडालेल्या जुन्या नदीच्या पात्रांत जाऊन बसतो. तेव्हां जाळें कोठें सोडावयाचें हें ज्याला जुनी नदी कशी वाहत होती तें आठवतें, तोच सांगूं शकतो. आणि त्यानंतर पहिला पाऊस पडला कीं हात आवरावयाचा. त्याच वेळीं आपल्या घरांतून चातुर्मास बसतो आणि पुष्कळ कुटुंबांत मत्स्याहार बंद होतो. धर्मशास्त्रानें हा नियम माशासाठीं केला, असें मी म्हणत नाहीं. परंतु दोन्ही नियम एकाच पावसाच्या तोंडीं यावेत, हें सुखाचें आहे.

म्हणून परक्या पुस्तकांतला हंगाम जसाच्या तसा उचलून येथें लावणें म्हणजे विलायती पंचांग पाहून वऱ्हाडांत कापूस पेरण्यासारखें होईल. मासा वांचवावयाचा तर तो येथें केव्हां वितो, कोठें चढतो, कोठें लपतो, हें ठाऊक पाहिजे. त्यांतलें पुष्कळ आतां शास्त्रज्ञांनीं लिहिलें आहे. परंतु एकेका धरणाचें, एकेका बुडालेल्या ओढ्याचें ज्ञान कोणत्याही पुस्तकांत नाहीं. आणि ज्यांच्याजवळ तें आहे त्यांचीं मुलें आज पुण्या-मुंबईच्या वाटेला लागलीं आहेत. त्यांना कोण दोष देईल? फाटक्या जाळ्यावर आणि दर वर्षींच्या ठेक्याच्या अनिश्चिततेवर संसार करा, असें आपण आपल्या मुलांना सांगणार नाहीं.

चैत्रांत मी पुन्हां सिंभोऱ्याला गेलों. पाणी पुष्कळ ओसरलें होतें. कार्तिकांत जेथें आमचा डोंगा तरंगत होता त्या जागेच्या आसपास चिखलांतून दगडांचें एक काळसर कडें वर आलें होतें. म्हाताऱ्यानें तें मला बोटानें दाखविलें. "तेच इहीर, गुरुजी." मीं विचारलें, पाण्याखालीं असतांना ती नेमकी कोठें आहे हें त्याला कसें कळतें? तो हंसला. ती विहीर ज्या शेतांत होती तें शेत त्याच्या मामाचें होतें. लहानपणीं तो तिच्यांत पोहावयास शिकला होता. मग जाळें घडी करतां करतां तो म्हणाला, "पाण्याले बी पंचांग असते, गुरुजी. फक्त ते छापेल नसते."

श्रोतेहो, सोमेश्वर राजानें असें एक पंचांग लिहून ठेवलें, साइक्सनें त्यांतले चार शब्द टिपले. दोघांनींही सांगणाऱ्याचें नांव विचारलें नाहीं. आपण शिकलेलीं माणसें आहों, आपल्या हातीं लेखणी आहे, आणि सांगणारा अजून हयात आहे. पुढल्या वेळीं अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या बाजारांत एखाद्या भोयाच्या टोपलीपुढें उभे राहाल, तेव्हां भाव विचारण्याआधीं एवढें विचारा कीं, हा मासा कोठल्या पाण्याचा, आणि त्या पाण्याखालीं काय आहे. तो सांगेल तें घरीं येऊन लिहून ठेवा, आणि त्याखालीं त्याची परवानगी घेऊन त्याचें नांव घाला.